पेनड्राइव्हच्या वाटेने

आमच्या वाशिम जिल्ह्यात घरोघरच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस इंटरनेटवरून आला, हे मला मान्य नाही. तो हातोहात आला. फोटो स्टुडिओतून लग्नाच्या फोटोंबरोबर, डीटीपीवाल्याकडून पत्रिकेच्या फाइलबरोबर, शाळेतून सरांच्या खिशातल्या पेनड्राइव्हमधून. वाशिमच्या पाटणी चौकात दिसलेला व्हायरस थोड्याच दिवसांत रिसोड, मंगरुळपीरच्या मशीनमध्ये सापडायचा. कोणी कोणाला काय दिलं, एवढं विचारलं की त्याची वाट कळायची. ती वाट कुठेतरी लिहून ठेवली पाहिजे, असं मला फार वाटतं. दुरुस्तीच्या टेबलावर बसणाऱ्यांनी लिहिली नाही तर दुसरं कोण लिहिणार?

हातोहात पसरणं हा तर व्हायरसचा मूळचाच स्वभाव. पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस, ‘ब्रेन’, 1986 साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसायचा. मशीन चालू करताना ड्राइव्हमध्ये लागण झालेली फ्लॉपी राहिली की झालं. याच जातीचा ‘मायकेलअँजेलो’ 6 मार्च या तारखेची वाट पाहत बसायचा. त्या दिवशी मशीन चालू केलं की हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसून टाकायचा. 1992 च्या मार्चमध्ये जगभर त्याची धास्ती होती.

व्हायरसशी मराठी माणसाचं नातं पुण्यात जुळलं. सातारा जिल्ह्यातून आलेले कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात लागले, पुढे त्यांनी स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडायचे. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर सायन्स शिकत होते. त्यांनी हे व्हायरस काढायचे छोटे प्रोग्रॅम लिहिले. त्यातूनच 1995 मध्ये डॉसवर चालणारं ‘क्विक हील’ बाजारात आलं. 2016 मध्ये ती कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. मला मात्र तिची सुरुवातच जास्त मोलाची वाटते. दुरुस्तीच्या टेबलावर गिऱ्हाइकाची अडचण दिसली आणि तिथूनच औषध निघालं. आमच्याकडे या कामात उतरलेली बरीच मुलंही रेडिओ, टीव्ही, घड्याळं उघडता उघडताच इकडे आली होती.

1 जुलै 1998 ला अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला. कलेक्टर ऑफिस आलं, जिल्हा परिषद आली, त्यांच्या पाठोपाठ टायपिंग आणि डीटीपीची दुकानं वाढली. पुढच्याच वर्षी, 26 एप्रिल 1999 ला, ‘सीआयएच’ व्हायरस जगभर फुटला. त्याला लोक ‘चेर्नोबिल’ही म्हणायचे. तो डिस्क पुसायचाच, शिवाय काही मदरबोर्डांची बायोस चिपही खराब करायचा. मशीन मेल्यासारखं पडायचं, पडद्यावर काहीच यायचं नाही.

घरात कॉम्प्युटर यायला लागले ते नंतर, आणि त्यात एमएस-सीआयटी या कॉम्प्युटरच्या कोर्सचा वाटा मोठा. तो चालवणारी एमकेसीएल 2001 मध्ये स्थापन झाली. सरकारी नोकरांना त्याची परीक्षा सक्तीची झाली, तेव्हा शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी क्लासला जाऊ लागले. पोरांचं शिक्षण आणि आपली परीक्षा, दोन्ही साधेल म्हणून दिवाळीत सोयाबीनचे पैसे हाती आले की असेंबल केलेला पीसी घरी यायचा. सुटे भाग अकोल्याहून, मालेगाव-पातूरच्या रस्त्याने. विंडोज एक्सपी बहुतेक ठिकाणी कॉपी केलेली, नेट क्वचितच. त्यामुळे अँटिव्हायरस टाकला तरी त्याचं अपडेट घरी होत नसे. नेट असलेल्या मशीनवर फाइल उतरवून आम्ही ती पेनड्राइव्हमध्ये न्यायचो. रोग आणि औषध, दोघांचा रस्ता एकच होता.

2005 नंतरची पाच-सहा वर्षं ही या धंद्याची खरी भरती. ‘न्यू फोल्डर डॉट ईएक्सई’ आठवतो? दिसायला पिवळं फोल्डर, असायचा प्रोग्रॅम. विंडोज फाइलचं शेपूट लपवून ठेवतं, म्हणून डबल क्लिक करणाऱ्याला कळायचंच नाही. एक किडा तर ऑर्कुट उघडलं की ‘ऑर्कुट इज बॅन्ड’ असा निरोप पडद्यावर आणायचा. कॉलेजच्या पोरांना वाटायचं, सरकारनेच बंद केलं. टास्क मॅनेजर उघडायला जावं तर ‘डिसेबल्ड बाय युअर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कोण, तर घरचे गुरुजीच. फोल्डर ऑप्शन मेनूमधून गायब.

हे सगळं ‘ऑटोरन डॉट आयएनएफ’ या चार ओळींच्या फाइलवर चालायचं. पेनड्राइव्ह लावला किंवा त्यावर डबल क्लिक केलं की ती फाइल व्हायरसला उठवायची. म्हणून आमची पहिली सवय: पेनड्राइव्ह लावताना शिफ्ट दाबून धरायचं आणि आयकॉनला हात लावायचा नाही. कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडायची. ‘डीआयआर’ला ‘स्लॅश ए’ जोडलं की लपलेलं सगळं दिसायचं. मग ‘अ‍ॅट्रिब’ने हिडन, सिस्टिम, रीड-ओन्ली ही तिन्ही आवरणं काढायची. गायब झालेली फोल्डरं एकेक करून परत यायची, आणि मागे उभ्या माणसाचा जीव भांड्यात पडायचा. व्हायरसच्या फाइली पुसून झाल्या की शेवटी ‘ऑटोरन डॉट आयएनएफ’ याच नावाचं रिकामं फोल्डर तिथे बनवायचं. त्या नावाचं फोल्डर आधीच असेल तर त्या नावाची फाइल तिथे बनत नाही. ही युक्ती कुठल्या पुस्तकातून आली नाही, एकाने दुसऱ्याला दाखवत ती कारंजापर्यंत गेली. पुढे काही व्हायरस ते फोल्डरही उडवायला शिकले.

घरच्या पीसीचं काम याहून चिवट. आधी सिस्टिम रिस्टोअर बंद करायचं, नाहीतर जुन्या नोंदींत दडलेला व्हायरस परत येतो. मग एफ8 दाबून सेफ मोड. तिथेही बधला नाही तर हार्ड डिस्क काढायची, जंपर बदलून दुकानातल्या स्वच्छ मशीनला स्लेव्ह म्हणून जोडायची आणि बाहेरून स्कॅन करायची. ‘सॅलिटी’सारखा व्हायरस प्रत्येक प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये शिरलेला असायचा, स्कॅनला तास न् तास लागायचे. त्यात लोडशेडिंग. अर्ध्या डिस्कवर लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मोठी कामं रात्री लावायची.

आणि इथेच या धंद्यातला माझा आग्रह येतो. फॉरमॅट मारणं सोपं होतं. विंडोज पुन्हा टाकली की मशीन नव्यासारखं, पैसे तेवढेच, वेळ कमी. पुष्कळांनी तेच केलं. पण एखादी बाई डिस्क टेबलावर ठेवताना म्हणायची, “भाऊ, फारमॅट नका मारू बाप्पा, बाबांचे फोटो त्याच्यातच हायेत.” वडील गेलेले, फोटोची दुसरी प्रत नाही. शाळेच्या सरांचं निकालपत्रक कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेलं, तेही एकाच जागी. रात्रभर बसून व्हायरस काढणारा आणि दहा मिनिटांत डिस्क कोरी करणारा, या दोघांना गावाने ‘कॉम्प्युटरवाला’ हे एकच नाव दिलं. माझ्या मते ते दोन वेगळे धंदे होते, आणि पहिल्याची कदर झाली नाही.

फेब्रुवारी 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठीही ऑटोरन बंद करणारं अपडेट दिलं. कॉपी केलेल्या विंडोजवर अपडेट बंदच ठेवलेलं असायचं, त्यामुळे आमच्याकडे त्याचा परिणाम सावकाश आला. तोवर फोल्डरांचे शॉर्टकट करणारे व्हायरस आले होते. सरकारी पोर्टलवर माहिती भरायच्या दिवसांत सायबर कॅफेत पेनड्राइव्हची रांग लागायची, आणि एका मशीनवरून सगळ्यांना प्रसाद मिळायचा.

12 मे 2017 ला ‘वॉनाक्राय’ आला आणि सफाईच्या कलेची हद्द कळली. फाइली जागेवर असतात, पण कुलूपबंद. व्हायरस काढता येतो. फाइली त्याने परत येत नाहीत. दुसरी प्रत नसेल तर गिऱ्हाइकाला तसं तोंडावर सांगावं लागतं, आणि ते फार जड जातं.

आता घरात पीसी उरला थोड्यांकडे. दुकानात मोबाइल येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल येते, पाठवणारा ओळखीचाच, कारण त्याचाही फोन आधीच ताब्यात गेलेला. ती दाबली की मेसेज वाचायची परवानगी जाते, त्याबरोबर ओटीपी. फोन सेफ मोडमध्ये घेऊन, डिव्हाइस अ‍ॅडमिनमधून त्या अ‍ॅपचा हक्क काढून, मग ते काढावं लागतं. त्यातलं पुष्कळ जुन्या कामासारखंच आहे. फक्त तेव्हा फोटो जायचे, आता खात्यातले पैसे जातात, म्हणून क्रम बदललाय: आधी फोनचं नेट बंद, मग दुसऱ्या फोनवरून सायबर हेल्पलाइन 1930 आणि बँक, आणि त्यानंतर सफाई.