तापलेला इनक्युबेटर ते आंतरकर्ण : हीट शॉकच्या शोधाची गोष्ट

आंतरकर्णातल्या केसपेशी ध्वनीचं रूपांतर विद्युत संदेशात करतात. माणसाच्या कॉक्लियात त्या एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. मोठा आवाज, सिसप्लॅटिनसारखं कॅन्सरचं औषध, जेंटामायसिनच्या गटातली अँटिबायोटिक्स, या सगळ्यांचा मार त्यांच्यावरच बसतो. त्यांना वाचवण्याचा एक धागा मात्र सापडला तो फळमाशीच्या लाळग्रंथीत.

झालं असं की, इटलीत फेरुचिओ रितोसा फळमाशीची गुणसूत्रं बघत होते. कुणीतरी इनक्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं आणि गुणसूत्रांवर नव्याच जागी फुगवटे दिसले, म्हणजे तिथली जनुकं कामाला लागली होती. एका नामांकित जर्नलने पेपर नाकारला. शेवटी १९६२ मध्ये तो ‘एक्सपेरिएन्शिया’त छापून आला. ही जनुकं कोणती प्रोटीन बनवतात हे १९७४ मध्ये तिसिएर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. हीच हीट शॉक प्रोटीन. ताणाखाली बिघडलेल्या प्रोटीनची घडी सावरणं हे त्यांचं मुख्य काम.

कानाबद्दलचा थेट प्रयोग १९९९ चा. योशिदा, क्रिस्तियान्सेन आणि लिबरमन यांनी उंदरांच्या शरीराचं तापमान १५ मिनिटं ४१.५ अंशांवर नेलं आणि नंतर त्यांना २ तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. उष्णता न दिलेल्या उंदरांची श्रवणक्षमता सुमारे ४० डेसिबलने कायमची घटली. ६ तास आधी उष्णता दिलेल्यांची फक्त १० च्या आसपास. मात्र मधलं अंतर २४ तासांपेक्षा वाढलं की हे संरक्षण संपत होतं.

मग साहजिकच वाटतं की केसपेशी स्वतःच हे प्रोटीन बनवून स्वतःला वाचवत असणार. इथेच खरी गंमत आहे. लिसा कनिंगहॅम यांच्या गटाने उंदराच्या युट्रिकलवर, म्हणजे आंतरकर्णातल्या तोल सांभाळणाऱ्या भागावर काम केलं. २०१३ च्या त्यांच्या पेपरमध्ये उष्णतेनंतर एचएसपी७० दिसलं ते शेजारच्या आधारपेशींमध्ये, केसपेशींमध्ये नाहीच! पुढे त्यांनी उष्णता दिलेलं आणि न दिलेलं युट्रिकल एकाच द्रवात ठेवलं. दुसऱ्यातल्या केसपेशीही औषधापासून वाचल्या. द्रवातून एचएसपी७० काढून टाकलं, तर संरक्षण गेलं. हे जनुकच नसलेल्या उंदराचं युट्रिकल तापवलं, तरी संरक्षण मिळालं नाही. म्हणजे आधारपेशी हे प्रोटीन बाहेर सोडतात आणि शेजारणींना वाचवतात.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी या पेपरमधली प्रयोगांची रचना जरूर अभ्यासावी. ‘उष्णतेने पेशी वाचतात’ एवढं उत्तर आधीच हातात होतं. पण प्रोटीन कोणत्या पेशीत बनतं, ते खरंच गरजेचं आहे का आणि ते एकटं पुरेसं आहे का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. प्रत्येकाला वेगळा प्रयोग आणि वेगळा कंट्रोल लागतो. आपला सिनॉप्सिस लिहिताना हे तीन प्रश्न सुटे करून मांडून बघा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.