जिव्हाप्रसाद आणि जिभेचा नकाशा

जिभेला चव नेमकी कोठे कळते, या प्रश्नाचे एक उत्तर इसवी सनाच्या ५ व्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्गा’त दिले आहे. दिसणारी मांसल जीभ निराळी आणि तिच्यातील, रस ग्रहण करणारा, जिव्हाप्रसाद निराळा, असा भेद ते करतात. या प्रसादाचे स्थान जिभेच्या मध्यभागी, कमळाच्या पाकळीच्या टोकासारख्या आकाराच्या जागी असल्याचे ते सांगतात.

असे उतारे आधुनिक विज्ञानाचा पूर्वोच्चार म्हणून मिरविण्याचा मोह आपल्यातील काही अभ्यासकांनाही होतो. येथे तो आवरावा लागेल. जिभेच्या पृष्ठभागाचा मध्य हाच स्वादकलिकांच्या दृष्टीने सर्वांत दरिद्री भाग होय. कलिका दाटतात त्या टोकाकडे, कडांना आणि मागील बाजूस.

परंतु आधुनिकांचे स्थाननिर्णयही निर्दोष नाहीत. १९०१ मध्ये हेनिग या जर्मन संशोधकाने जिभेच्या निरनिराळ्या जागी चवींची परीक्षा केली. त्याला आढळलेला फरक किरकोळ होता. १९४२ मध्ये हार्वर्डच्या बोरिंग यांनी आपल्या ग्रंथात तीच माहिती आलेखरूपाने मांडली. आलेखातील प्रमाण संदिग्ध राहिल्याने लहान फरक फार मोठे भासले. टोकाला गोड, मागे कडू अशी विभागणी दाखविणारा नकाशा त्यातून रूढ झाला. १९७४ मध्ये व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी फेरतपासणी करून फरक अल्पच असल्याचे दाखविले, तरी पाठ्यपुस्तकांतून तो नकाशा पुढे चालतच राहिला. आम्हीही तो शाळेत पाठ केला होता. कडुनिंबाचे पान जिभेच्या टोकावर ठेवून पाहण्याचे तेव्हा सुचले नाही. वास्तविक परंपरेने आले, ग्रंथात आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नये, हे कालामसुत्त आम्ही पुढे वर्गात कितीदा तरी शिकविले!

‘धम्मसंगणी’तील रसांची यादी या संदर्भात वाचण्याजोगी आहे. आंबट, गोड, कडू, तिखट, खारट, तुरट इत्यादी नावे दिल्यावर, आणखी जो कोणता रस असेल तोही, अशी जागा ती मोकळी ठेवते. टोकियोच्या इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बू या समुद्रवनस्पतीच्या रश्श्यातून ‘उमामी’ ही निराळी चव वेगळी काढली. तिला तेथे मज्जाव नाही. यालाही भविष्यकथन म्हणू नये. गणना संपल्याचा दावा त्या ग्रंथाने केला नाही, इतकेच.

उलट यादीतील एक नाव आज वगळावे लागते. पाली ‘कटुक’ म्हणजे मराठीतील कडू नव्हे, तर तिखट. कडूला तेथे ‘तित्तक’ शब्द आहे. ‘अट्ठसालिनी’ तित्तकाला निंबाच्या पानाचे, तर कटुकाला आले-मिऱ्याचे उदाहरण देते. आणि मिऱ्याचा तिखटपणा स्वादकलिकांना नव्हे, तर उष्णता व वेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंना कळतो.