चिठ्ठी वेळेवर मिळाली असती तर...

पोस्ट मोठी आहे. पण घरात लहान लेकरू असेल तर शेवटपर्यंत वाचा.

माझा भाचा आठ वर्षांचा होता. तीन वर्षं त्याला दम्याचा पंप चालू होता. 'वय वाढलं की जाईल' असं सगळे सांगायचे, आम्हीही मानायचो. शाळेच्या पायऱ्या चढताना तो मध्येच बसायचा, पोरं त्याला 'म्हातारा' म्हणायची. शेवटी मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन बघितला आणि ताईला म्हणाले, "फुफ्फुस बदलायचा विचार दोन वर्षांपूर्वी व्हायला पाहिजे होता." लहान मुलाचं फुफ्फुस बदलता येतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. तपासण्या निम्म्यावर आल्या आणि तो गेला.

कुणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. पण त्यानंतर मी या विषयाचा इतिहास वाचत गेलो. तो सांगतो.

माणसाचं पहिलं फुफ्फुस प्रत्यारोपण ११ जून १९६३ ला अमेरिकेत मिसिसिपी राज्यात डॉ. जेम्स हार्डी यांनी केलं. रुग्ण १८ दिवस जगला. पुढची वीस वर्षं बहुतेक सगळे प्रयत्न फसले. कारण शरीर परकं फुफ्फुस स्वीकारत नाही. मग सायक्लोस्पोरीन हे औषध आलं आणि १९८३ मध्ये टोरंटोत डॉ. जोएल कूपर यांचा रुग्ण कित्येक वर्षं जगला. १९८७ मध्ये तिथेच एका १६ वर्षांच्या मुलावर शस्त्रक्रिया यशस्वी झाली. १९९० मध्ये स्टॅनफर्डला डॉ. स्टार्न्स यांनी आईच्या फुफ्फुसाचा एक भाग काढून १२ वर्षांच्या मुलीला बसवला.

शस्त्रक्रिया जमली. मग खरा प्रश्न आला: मुलाला पाठवायचं कधी?

१९९२ मध्ये टोरंटोच्या डॉक्टरांनी सिस्टिक फायब्रोसिस या आजाराच्या रुग्णांचा अभ्यास छापला. जोरात फुंकर मारल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, ते मोजतात. ते प्रमाण अपेक्षेच्या ३० टक्क्यांखाली गेलं, की निम्मे रुग्ण दोन वर्षांत दगावत होते. तेव्हापासून '३०' हा आकडा डॉक्टरांच्या डोक्यात बसला. पण त्याच अभ्यासात असंही होतं की तेवढ्याच आकड्याला लहान मुलांना, आणि त्यातही मुलींना, धोका जास्त. म्हणजे मुलांसाठी ३० ची वाट बघणं म्हणजे उशीर. २०१९ च्या अमेरिकी मार्गदर्शनात तर ५० टक्क्यांखाली गेल्यावरच बोलणं सुरू करा असं आहे.

पाठवणं म्हणजे ऑपरेशन ठरवणं नव्हे, हे नीट लक्षात घ्या. तिथे आधी पारख होते. रक्तगट, उंची आणि छातीचं माप (फुफ्फुस मापात बसायला लागतं), हृदय, किडनी, जुना टीबी, चिवट जंतू, वजन. राहिलेल्या लसी आधीच द्याव्या लागतात, कारण जिवंत जंतूंच्या लसी नंतर सहसा देता येत नाहीत. घरच्यांचीही पारख होते: आयुष्यभर वेळेवर गोळ्या देणार कोण, मोठ्या शहरात राहणार कुठे? या सगळ्याला महिने लागतात. पोरगं थकलेलं असेल तर ते महिने मिळत नाहीत. आमचं तेच झालं.

यादीतही मुलं मागे पडत. २०१३ मध्ये अमेरिकेत दहा वर्षांच्या एका मुलीचे आईवडील कोर्टात गेले, कारण १२ वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांच्या फुफ्फुसांसाठी मागे ठेवलं जाई. त्यानंतर नियम बदलला.

आपल्याकडे अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. तो पहिल्यांदा लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. चार डॉक्टर किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासतात, तेव्हाच मेंदूमृत्यू जाहीर होतो. आपल्या नाशिक जिल्ह्याचं अवयववाटप पुण्याच्या समितीकडून होतं.

खोटी आशा दाखवत नाही. फुफ्फुस बदललेल्या मुलांपैकी निम्मी साधारण पाच-सहा वर्षांपुढे जातात. खर्च लाखांत आहे. नको म्हणणंही आईबापाचा हक्क आहे. पण नको म्हणायला तरी आधी कुणी विचारायला पाहिजे ना?

म्हणून एवढंच करा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. २०१३ पासून ही योजना आहे. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. पंप घेऊनही वजन वाढत नसेल, नखं फुगीर होत असतील, ओठ निळे पडत असतील, खोकला महिनोन्‌महिने जात नसेल, तर स्पष्ट विचारा, "हा दमाच आहे का? मोठ्या ठिकाणी चिठ्ठी द्याल का?" विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही.

आणि दुसरं. आपला मुंबई-आग्रा हायवे दर महिन्याला माणसं खातो. कधी अशी वेळ कुणाच्या घरावर आलीच, आणि डॉक्टरांनी अवयवदानाबद्दल विचारलं, तर लगेच ओरडू नका. एक मिनिट थांबा. कुठेतरी एखादं पोरगं शाळेच्या पायरीवर बसलेलं असेल.