चोरलेल्या चेहऱ्यांचा माग

लेने केकुआ सप्टेंबर 2012 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारली, ही बातमी अमेरिकेत लाखो लोकांनी हळहळत वाचली. नोटर डेम विद्यापीठाच्या फुटबॉल संघातला नावाजलेला खेळाडू मँटी टेओ याची ती प्रेयसी. त्याच सुमारास टेओची आजीही गेली होती. दुःख गिळून मैदानात उतरलेल्या या मुलाला वाहिन्यांनी आणि नियतकालिकांनी डोक्यावर घेतलं. मग 16 जानेवारी 2013 रोजी ‘डेडस्पिन’ या क्रीडाविषयक संकेतस्थळावर टिमथी बर्क आणि जॅक डिकी यांचा लेख आला. आजीचा मृत्यू खरा होता. लेने केकुआ मात्र कधी जन्मालाच आली नव्हती.

दोघांनी केलेलं काम कुठल्याही वार्ताहराला जमण्यासारखं होतं. ती स्टॅनफर्डची विद्यार्थिनी असल्याचं सांगितलं जात होतं; तिथे तिची नोंद नव्हती. मृत्यूची नोंदही सापडली नाही. उरले तिचे फोटो. ते रिव्हर्स इमेज सर्चमध्ये, म्हणजे फोटोवरून फोटो हुडकणाऱ्या साधनात टाकत, धागा पकडत दोघे कॅलिफोर्नियातल्या एका तरुणीपर्यंत पोचले. फोटो तिचेच होते, पण टेओला ती ओळखतही नव्हती. त्यातल्या एका फोटोत तिने ‘एमएसएमके’ ही अक्षरं लिहिलेला कागद हातात धरला होता. शाळेच्या दिवसांतल्या एका ओळखीच्या व्यक्तीने ‘माझ्या चुलतभावाला अपघात झालाय, त्याला धीर यावा म्हणून असा फोटो पाठव’ अशी गळ घातली, म्हणून तिने तो पाठवला होता. तो फोटो तिने इतर कुणालाच दिलेला नव्हता. त्यामुळे तो लेनेच्या खात्यावर दिसताच संशयाचं बोट थेट त्या व्यक्तीकडे गेलं. पुढे त्या व्यक्तीने दूरचित्रवाणीवर सगळं कबूल केलं.

टेओची दया सगळ्यांना आली, ते योग्यच. पण मृत मुलगी म्हणून जिचा चेहरा देशभर दाखवला गेला, त्या तरुणीवरही अन्याय झाला होता, आणि त्याबद्दल फार कमी बोललं गेलं.

ज्या साधनाने हा माग लागला, ते प्रेमातली फसवणूक उघडी पाडायला बनलेलंच नव्हतं. गुगलचा चित्रशोध 2001 मध्ये सुरू झाला, पण तिथे शब्द टाकावे लागत. हातात फोटो आहे आणि नाव माहीत नाही, अशा माणसाला त्याचा उपयोग नव्हता. टोरोंटोच्या एका कंपनीने 2008 मध्ये ‘टिनआय’ आणलं. ते फोटोची एक गणिती खूण तयार करतं आणि आपल्या साठ्यातल्या खुणांशी ताडून पाहतं. त्यामुळे फोटो कातरला, रंग बदलले, आकार लहान केला तरी मूळ फोटो सापडू शकतो. आपलं छायाचित्र परवानगीशिवाय कुठे वापरलं गेलंय, हे शोधणाऱ्या छायाचित्रकारांना ते फार कामाचं ठरलं. जून 2011 मध्ये गुगलनेही ही सोय फुकट दिली. म्हणजे टेओची कहाणी छापली जात होती तेव्हा ती वर्षभराहून जास्त काळ सगळ्यांच्या हाताशी होती. ती कुणी वापरली नाही, हा दोष त्या कहाणीवर भरवसा ठेवून पानं भरणाऱ्यांचा आहे.

हा मार्ग सामान्य प्रेक्षकांना दाखवला तो ‘कॅटफिश’ने. 2010 च्या या माहितीपटात नेव्ह शुलमन जिच्या प्रेमात पडतो, तिचे फोटो भलत्याच स्त्रीचे निघतात. 2012 मध्ये एमटीव्हीवर त्याच नावाची मालिका आली. फोटो शोधात टाकायचा आणि मूळ मालक हुडकायचा, हा तिच्यातला नेहमीचा भाग बनला. तरी फसवणूक थांबली नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे एकट्या 2022 मध्ये सुमारे 70 हजार जणांनी प्रेमातल्या फसवणुकीच्या तक्रारी केल्या. गेलेली रक्कम होती 130 कोटी डॉलर.

फसवणारेही शिकत गेले. फोटो आरशातल्यासारखा उलटा केला की काही वेळा शोध चुकतो. 2019 च्या फेब्रुवारीत तर एक संकेतस्थळ दर वेळी नवा, कुणाचाच नसलेला चेहरा तयार करून दाखवू लागलं. असा नवाकोरा चेहरा शोधात सापडणार कसा? ऑक्टोबर 2024 मध्ये हाँगकाँग पोलिसांनी 27 जणांना पकडलं. व्हिडिओ कॉलवरसुद्धा बनावट चेहरे वापरून या टोळीने सुमारे 4 कोटी 60 लाख डॉलर उकळले होते. फसलेल्यांमध्ये भारतातलेही पुरुष होते.

म्हणून समोरच्याचा फोटो शोधून जरूर पाहावा, पण काहीच सापडलं नाही तर तो खराच आहे असं धरून चालू नये. प्रत्यक्ष न भेटलेल्या माणसाला पैसे देऊ नयेत. पैसे गेलेच, तर 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब फोन करावा. आणि आपलाच फोटो कुणा अनोळखी नावाखाली दिसला, तर गप्प न बसता राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी.