कोंबडीवरचा वाद आणि पिकअपची किंमत

अमेरिकेत मोठा पिकअप नवा घ्यावा की जुना, हा प्रश्न घरखर्चाचा वाटला, तरी त्याची मुळं सरकारी धोरणातही आहेत. १९२५ मध्ये फोर्डने ‘मॉडेल टी’ला कारखान्यातच हौदा बसवून पिकअप २८१ डॉलरला विकायला काढला, तो कामकरी माणसासाठी. पुढे युरोपने अमेरिकी कोंबड्यांवरची जकात वाढवली आणि उत्तर म्हणून अमेरिकेने १९६४ पासून आयात हलक्या ट्रकवर २५ टक्के जकात बसवली. कोंबडीचा वाद विरला, ट्रकवरची जकात मात्र टिकली. परदेशी स्पर्धा रोखली गेल्यावर देशी कंपन्यांना मोठ्या, महाग गाड्यांतला नफा निर्धास्तपणे मिळवता आला.

यावर कोणी म्हणेल, अमेरिकी माणसाला मोठी गाडीच आवडते. आवड खरीच आहे. पण १९७० च्या दशकात छोटे जपानी ट्रक हौद्याविना आणून, कमी जकात भरून, तिथे हौदा जोडून विकले जात आणि चांगले खपत. १९८० मध्ये ही पळवाट बुजवली गेली. म्हणजे स्वस्त, छोट्या ट्रकला गिऱ्हाईक होतं. त्याची वाट अरुंद केली गेली. जकात हे एकमेव कारण नव्हे, तरीही बेताच्या कमाईचा कारागीर आज जुन्या गाडीकडे वळतो, तेव्हा त्या निवडीला केवळ त्याची पसंती म्हणणं अन्यायाचं आहे.