डिकीच्या दाराची बिजागरी

आमच्या अब्बांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक यायचं, रंग बघायचं, कुलूप बघायचं, झाकणावर काढलेली फुलं बघायचं. अब्बा म्हणायचे, "आधी बिजागरी बघा." फारसं कुणी बघत नसे. वर्षा-दोन वर्षांनी तीच पेटी दुरुस्तीला यायची, आणि मोडलेली असायची ती बिजागरीतच.

हे आठवायला कारण झालं भाच्याच्या फोनचं. अमेरिकेत ओहायो राज्यात असतो. दोघं नवरा-बायको नोकरी करतात आणि सुट्टीच्या दिवशी एका जुन्या बसगाडीत स्वतःला कोंडून घेतात. १९५६ सालची, जनरल मोटर्सची ४१०४ जातीची बस. तिचं त्यांना फिरतं घर करायचं आहे. तो म्हणाला, "मामू, डिकीची दारं लोंबायला लागलीत. बिजागऱ्या गेल्या. नाना काय करायचे?" नाना म्हणजे आमचे अब्बा. पेटीची बिजागरी आणि बसची बिजागरी यांत फरक आहे हे मी त्याला सांगितलं. मग वाटलं, तेवढा फरक नाही.

आपल्या पिढीला एसटीचा टप आठवत असेल. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे-नगर मार्गावर धावली. माझ्या लहानपणापर्यंत बोजा टपावरच जायचा. मागच्या शिडीवरून हमाल डोक्यावर पेटी घेऊन चढायचा आणि खाली उभी असलेली बाई सारखं म्हणायची, "सांभाळून रे बाबा, बरणी आहे त्यात."

अमेरिकेतही तसंच होतं. १९१४ मध्ये मिनेसोटातल्या हिबिंग गावी कार्ल विकमन नावाच्या माणसानं खाणकामगारांना पंधरा सेंटांत नेण्याआणण्याचा धंदा सुरू केला. पुढे त्यातूनच ग्रेहाउंड कंपनी उभी राहिली. विसाव्या दशकातल्या तिकडच्या बसगाड्यांच्याही डोक्यावर सामान आणि त्यावर ताडपत्री असे. मग १९३६ मध्ये यलो कोच कारखान्यानं ग्रेहाउंडसाठी सुपर कोच आणली. इंजिन मागे गेलं, माणसं उंच बसली, आणि त्यांच्या पायांखाली जी पोकळी झाली तिच्यात सामान आलं. बसला पोट आलं म्हणा ना.

या बदलाविषयी लिहिणारे इंजिनाचं लिहितात, आकाराचं लिहितात. पण पोटाला दारं लागतात आणि दारांना बिजागऱ्या. ही दारं दिवसातून कित्येकदा उघडायची. नुसत्या प्रवाशांच्या पेट्या नव्हत्या, पार्सलं आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठेही या गाड्या गावोगाव पोचवत.

पुढे १९५४ मध्ये सीनिक्रूझर आली. रेमंड लोवी या नामांकित रचनाकाराचा तिच्यावर हात फिरला होता. चाळीस फूट लांब, दहा चाकं, दोन मजले, आत संडाससुद्धा. १९५६ पर्यंत १००१ गाड्या झाल्या, साऱ्या ग्रेहाउंडसाठी. दोन इंजिनं एकत्र जोडण्याची तिची तऱ्हा मात्र त्रासदायक ठरली आणि १९६१-६२ मध्ये बहुतेक गाड्यांत ती काढून एकच मोठं इंजिन बसवावं लागलं. माझं मत विचाराल तर साधी ४१०४ अधिक शहाणी. १९५३ ते १९६० या काळात ती पाच हजारांवर निघाली. दिखाऊ नाही, पण टिकाऊ.

त्याच वर्षांत दक्षिणेकडच्या राज्यांत या गाड्यांमध्ये गोरे पुढे आणि काळे मागे बसत. खाली कुणाची पेटी कुणाच्या पेटीला खेटून गेली, याचा हिशेब कुणी ठेवला नसेल. १४ मे १९६१ रोजी अलाबामातल्या ॲनिस्टन गावी जमावानं ग्रेहाउंडच्या एका बसचे टायर फाडले, गावाबाहेर ती थांबली तेव्हा आत पेटता बोळा फेकला. गोरे आणि काळे एकत्र बसून प्रवास करत होते, हा गुन्हा. माणसं कशीबशी बाहेर पडली, बस जळून गेली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून आंतरराज्य बसगाड्यांतला हा भेद बंद करण्याचा सरकारी हुकूम लागू झाला. भाच्याची बस तेव्हा पाच वर्षांची होती. कुठल्या रस्त्यावर धावत होती, तिच्यात कोण कुठे बसत होतं, हे त्याला माहीत नाही. आसनं काढताना हा विचार मनात आला, असं तो म्हणाला.

निवृत्त बसगाड्या घेऊन लोक त्यांची घरं करू लागले, त्याला पोटाची ही जागाच कारण. पाण्याची टाकी, बॅटऱ्या, जनरेटर, सगळं खाली मावतं. पण तिथंच जुनं दुखणं निघतं. दार वरच्या कडेला लांबलचक पियानो बिजागरीवर टांगलेलं असतं. साठ-सत्तर वर्षांचे धक्के त्या एका पिनेवर. पिन झिजते, नळ्यांची भोकं लांबट होतात, दार खाली येतं आणि कडी बसेनाशी होते. त्यात ॲल्युमिनियमला पोलादाची संगत, वर हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ. दोन धातू मिठाच्या पाण्यात भेटले की ॲल्युमिनियम हरतं, पांढरी भुकटी होऊन गळतं. धावत्या गाडीचं असं दार उघडलं तर मागच्या माणसाचा जीव जाईल.

मी त्याला अब्बांची रीत सांगितली. आधी दाराला खालून फळीचा टेकू दे; बिजागरी सुटली की दार अंगावर येतं. जुन्या रिव्हेटची डोकी ड्रिलनं काढ. नवी स्टेनलेस स्टीलची पट्टी जुनीवर धरून मापं घे, पण जुन्या भोकांवर आंधळा विश्वास ठेवू नको, ती भोकं दाराबरोबरच सरकलेली असतात. दोन धातूंच्या मध्ये टेप घाल. आधी मधलं आणि टोकांची दोन भोकं, मग दार लावून चारी बाजूंची फट बघ. ती सारखी असेल तरच बाकीची.

सहापैकी चार दारं झाली. पाचव्याची पिन गंजून आत अडकली आहे. तेल सोडून ठेवलं आहे, आठवडा झाला. परवा फोनवर त्यानं हातोडीचा आवाज ऐकवला. मी म्हटलं, थोडा थांब, अजून तेल पिऊ दे तिला.