अष्ठीला ग्रंथीचे विकार

पुरुषांत मूत्राशयाच्या तळाशी मूत्रमार्गाला वेढून असणारी ग्रंथी म्हणजे अष्ठीला किंवा पौरुष ग्रंथी. बोलण्यात आणि दवाखान्यात तिला सर्रास ‘प्रोस्टेट’ म्हणतात. तरुणपणी तिचे वजन सुमारे २० ग्रॅम असते आणि वीर्यातील द्रवाचा काही भाग ती पुरवते. गुदाशय तिच्या लगेच मागे असल्याने गुदद्वारातून बोट घालून ती चाचपता येते. मिनिटभराची ही तपासणी संकोचापोटी टाळणारे पुष्कळ असतात.

या ग्रंथीचे मुख्य विकार तीन : वयपरत्वे होणारी साधी वाढ, दाह आणि कर्करोग. साधी वाढ मूत्रमार्गालगतच्या भागात होते. बहुतेक कर्करोग बाहेरच्या, गुदाशयाकडील भागात सुरू होतात. म्हणूनच साधी वाढ लघवी अडवून लवकर लक्ष वेधते, तर कर्करोग बराच काळ कोणतीही तक्रार न दाखवता राहू शकतो. साध्या वाढीचे रूपांतर कर्करोगात होत नाही, पण एकाच माणसात दोन्ही असू शकतात.

साधी वाढ : चाळिशीनंतर ही सुरू होते, पन्नाशीतल्या जवळजवळ निम्म्या पुरुषांत ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. टेस्टोस्टेरॉनपासून ग्रंथीतच तयार होणारे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक तिला कारणीभूत असते. लघवी सुरू व्हायला वेळ लागणे, धार बारीक होणे, शेवटी थेंब थेंब गळणे, रात्री वारंवार उठावे लागणे ही तिची लक्षणे. त्रास किती होणार हे ग्रंथीच्या आकारावरून सांगता येत नाही. सोनोग्राफीत मोठी दिसणारी ग्रंथी निमूट राहते आणि जेमतेम वाढलेली ग्रंथी लघवी तुंबवते. म्हणून उपचार सोनोग्राफीतल्या आकड्यावर नव्हे, तर रुग्णाच्या त्रासावर आणि लघवीनंतर मूत्राशयात किती उरते यावर ठरवावे लागतात. रात्रीच्या लघवीला मधुमेह, हृदयविकार किंवा संध्याकाळी घेतलेली लघवीची गोळीही कारण असू शकते.

त्रास सौम्य असल्यास संध्याकाळनंतर पाणी-चहा कमी करून वाट पाहता येते. टॅम्सुलोसिनसारखी औषधे मूत्राशयाच्या तोंडाचे व ग्रंथीतील स्नायू सैल करतात. काही दिवसांतच गुण येतो, मात्र उठताना चक्कर येऊ शकते. ही गोळी चालू असल्यास मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी नेत्रतज्ज्ञाला सांगणे आवश्यक असते, कारण तिच्यामुळे डोळ्यातील बुबुळ ढिले पडते. फिनास्टेराइड व ड्युटास्टेराइड ग्रंथी आक्रसवतात, पण त्यांना सहा महिन्यांपर्यंत वेळ द्यावा लागतो.

ग्रंथी वाढलेली असताना सर्दीच्या काही गोळ्यांनी लघवी अचानक पूर्ण अडू शकते. अशा वेळी मूत्रमार्गातून नळी घालून मूत्राशय रिकामे करणे हाच तातडीचा उपाय. वारंवार लघवी तुंबणे, मूत्राशयात खडे होणे, मूत्रपिंडांवर ताण येणे अशा अवस्थांत शस्त्रक्रिया लागते. भारतात लष्करी वैद्यकीय सेवेत राहून मूतखड्यांच्या शस्त्रक्रियांत नाव कमावलेले आयरिश शल्यचिकित्सक पीटर फ्रेयर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये पोट उघडून ग्रंथी काढण्याची पद्धत रूढ केली. आज बहुधा मूत्रमार्गातून दुर्बीण घालून अडथळ्याचा भाग खरवडतात किंवा होल्मियम लेसरने सोलून काढतात. शस्त्रक्रियेनंतर वीर्य बाहेर न पडता मूत्राशयात जाणे ही नेहमीची बाब आहे. ती आधी न सांगितल्यास रुग्ण हबकतो. ग्रंथीचे बाहेरचे कवच शिल्लक राहत असल्याने पुढे कर्करोगाची शक्यता संपत नाही.

दाह : जंतुसंसर्गाने, बहुधा ई. कोलायमुळे, होणाऱ्या तीव्र दाहात थंडी वाजून ताप येतो आणि जननेंद्रिय व गुदद्वार यांमधल्या भागात ठणका लागतो. प्रतिजैविके दोन ते चार आठवडे द्यावी लागतात. या अवस्थेत ग्रंथी चोळू नये, जंतू रक्तात पसरू शकतात. मधुमेह्यांत गळू होण्याचा धोका अधिक. ओटीपोटाच्या जुनाट दुखण्यात बहुतेकांना जंतू सापडत नाहीत. तिथे प्रतिजैविकांचे कोर्सवर कोर्स व्यर्थ जातात आणि स्नायूंचे व्यायाम, वेदनाशामके यांचा उपयोग अधिक होतो.

कर्करोग : रक्तातील पीएसए हे प्रथिन ४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर गेले की शंका घेतली जाते. मात्र साधी वाढ, दाह व नळी घालणे यांनीही ते चढते, तर फिनास्टेराइडने सुमारे निम्मे होते. निदान एमआरआय व बायॉप्सीने पक्के होते. पेशींची आक्रमकता ग्लीसन गुणांकनाने मोजतात. मंद कर्करोगात लगेच उपचार न करता ठरावीक काळाने तपासण्या करत राहणे मान्य आहे. ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ चाचणीत १,६४३ पुरुषांना देखरेख, शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार देण्यात आले. पंधरा वर्षांनंतर या कर्करोगाने दगावलेले तिन्ही गटांत मिळून सुमारे ३ टक्केच होते. मात्र आक्रमक रोगाला हा निष्कर्ष लागू करता येत नाही. शस्त्रक्रियेने लघवीवरचा ताबा व लैंगिक क्षमता, तर किरणोपचारांनी आतडी यांना इजा होऊ शकते.

पसरलेला रोग प्रामुख्याने हाडांत जातो. वयस्कर पुरुषाची न थांबणारी पाठदुखी हे कधी त्याचे पहिलेच लक्षण असते. अशा रोगाला टेस्टोस्टेरॉन तोडून रोखता येते, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले. त्यांना १९६६ चे नोबेल मिळाले. टेस्टोस्टेरॉन तोडण्यासाठी ठरावीक अंतराने इंजेक्शने देतात किंवा वृषणे काढतात. दुसरा मार्ग एकदाच करायचा आणि स्वस्त, त्यामुळे ऐपत बेताची असलेल्यांना तो परवडतो. जोडीला ॲबिराटेरोनसारख्या गोळ्या किंवा डोसेटॅक्सेल देतात. मणक्यातील गाठीने मज्जारज्जू दाबला जाऊन पायांतली शक्ती कमी होऊ लागल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. उशीर झाल्यास पाय कायमचे लुळे पडू शकतात.